देवळाच्या बांधकामासाठीं भाविकांकडून कर्ज घ्यावें काय?



जुबिलीच्या स्मरणिकेंत पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोणीं अर्पण केली, येथें पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, असल्या गोष्टी वाचावयास मिळाव्या ही आपली अपेक्षा साहजिक आहे, आणि इतर लेखकांनीं ती उत्तम रीतीनें पुरी केली आहे. आमच्या वांट्यास आलेला विषय तितका गोड नाहीं. परंतु तो आम्हीं स्वतः होऊन मागून घेतला आहे. हा विषय म्हणजे देवळाच्या बांधकामासाठीं भाविकांकडून घ्यावयाचें कर्ज.

आनंदाच्या प्रसंगीं कर्जाची भाषा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, जुबिली आणि कर्ज यांचें नातें फार जुनें आहे. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत जुबिलीच्या वर्षाची आज्ञा आहे. दर पन्नासाव्या वर्षीं विकलेलें शेत मूळ कुटुंबाकडे परत जावें, आणि गरिबीपायीं दुसऱ्याच्या दारीं राबणारा मनुष्य मोकळा होऊन आपल्या घरीं परतावा, असा तिचा आशय आहे. तुताऱ्या वाजत त्या ह्या मोकळिकेसाठीं. तेव्हां जुबिलीच्या वर्षीं आपल्या धर्मग्रामानें आपल्या देण्याघेण्याचा विचार करणें हें सणाला सोडून नाहीं.

ह्या लेखाचें निमित्त आधीं सांगतों. पनवेल हें जुनें गांव. बेने इस्राएल बांधवांचें बेथ एल सिनेगॉग येथें १८४९ सालीं उभें राहिलें व नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि पुढें नव्या मुंबईची वस्ती खाडीच्या ह्या बाजूस पसरत गेली. वसई, मुंबई, गोवा, मंगळूर, केरळ आणि नगर जिल्हा येथून आलेलीं कॅथॉलिक कुटुंबें इकडे स्थायिक झालीं, आणि रविवारच्या मिस्सेला लोक पायऱ्यांवर उभे राहूं लागले. देऊळ वाढविणें व वर एक सभागृह बांधणें अवश्य दिसूं लागलें. दानाचा निधि अपुरा होता. बँकेचें व्याज जड वाटत होतें. तेव्हां कांहीं हितचिंतकांनीं असें सुचविलें कीं, प्रत्येक कुटुंबाकडून ऐपतीप्रमाणें रक्कम कर्ज म्हणून घ्यावी, पांच वर्षांनीं मुद्दल परत करावें, आणि व्याज घ्यावयाचें कीं सोडावयाचें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवावें. आम्हांस ही युक्ति पसंत पडली. दोन रविवार आम्हीं वेदीवरून तिचें आवाहन केलें, आणि अकरा कुटुंबांनीं रकमा आणूनही दिल्या.

तिसऱ्या रविवारीं सभा भरली. तींत सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ उठले. ते म्हणाले, ‘फादर, हें दान आहे कीं कर्ज? दान असेल तर मला कांहीं विचारावयाचें नाहीं, यथाशक्ति आतांच देतों. पण कर्ज असेल तर तीन गोष्टी सांगा. कागदावर सही कोणाची? तुमची बदली झाल्यावर पैसे कोणाकडे मागूं? आणि पांच वर्षांच्या आंत घरांत मोठें दुखणें आलें तर मीं तुमच्या दारीं यावें कीं येऊं नये?’

सभेंत कुजबूज झाली. आम्हांस राग आला, हें कबूल करणें प्राप्त आहे. देवाच्या घराचें काम विश्वासानें होतें, वकिलीनें होत नाहीं, असें कांहींसें आम्ही बोलून गेलों. ते गृहस्थ मुकाट्यानें खालीं बसले. परंतु घरीं आल्यावर आम्ही त्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें लिहूं लागलों, तेव्हां एकाचेंही उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. मग आम्हीं सेमिनरींतील जुन्या वह्या व पुस्तकें काढलीं, आणि आपल्या पूर्वजांनीं ह्या बाबतींत काय केलें याचा शोध घेतला. तो येथें थोडक्यांत देतों.

प्रथम पवित्र शास्त्र पाहूं. मंडपाचें काम चाललें असतां लोक रोज सकाळीं इतकीं दानें आणूं लागले, कीं कारागिरांनीं मोशेकडे येऊन हें गरजेहून अधिक होत असल्याचें सांगितलें, आणि आतां कोणी कांहीं आणूं नये अशी दवंडी मोशेनें छावणींत पिटविली. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायांतील ही गोष्ट आम्हीं अनेक वेळां वाचली होती. पण पुरे झालें असें म्हणणारी बांधकाम समिति ही केवढी दुर्मिळ वस्तु आहे हें तेव्हां ध्यानांत आलें नव्हतें.

दुसरी गोष्ट योआश राजाची, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांतील. मंदिराच्या डागडुजीसाठीं येणारा पैसा याजकांच्या हातीं जाई. पण राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी मंदिराच्या भेगा बुजल्या नव्हत्या. याजकांनीं पैसा खाल्ला असें शास्त्र म्हणत नाहीं. काम झालें नाहीं एवढेंच म्हणतें. मग राजानें काय केलें? एक पेटी घेऊन तिच्या झांकणास भोंक पाडविलें व ती वेदीजवळ ठेवविली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून रक्कम मोजीत, आणि ती कारागिरांच्या मुकादमांकडे जाई. पेटी, दोन मोजणारे आणि एकच ठरलेला खर्च, ही व्यवस्था इतक्या प्राचीन काळीं आढळते.

तिसरी गोष्ट आमच्या विषयास सर्वांत जवळची. नहेम्या यरुशलेमेचा तट बांधीत असतां गोरगरीब लोक व त्यांच्या बायका आक्रोश करीत आल्या. धान्यासाठीं शेतें व घरें गहाण पडलीं होतीं, राजाचा कर भरण्यासाठीं कर्ज झालें होतें, मुलांना दास्यांत द्यावें लागत होतें. आणि सावकार दुसरे कोणी नसून त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्यानें सभा बोलावून श्रीमंतांस दोष दिला. पण त्याच सभेंत, आपण व आपले बांधवही असेंच पैसे व धान्य उसनें देत आलों आहों, हेंही त्यानें कबूल केलें. मग व्याज सोडवून शेतें परत देवविलीं. तट बावन्न दिवसांत पुरा झाला. दगड चढविण्याच्या घाईंतही माणसांचीं देणींघेणीं आधीं पाहणारा तो नेता होता, म्हणून हें आम्हांस विशेष वाटतें.

आतां ख्रिस्तसभेचा इतिहास. पैसे उसने देऊन त्यावर लाभ घेणें न्याय्य आहे काय, हा वाद ख्रिस्तसभेंत अनेक शतकें चालला. सावकाराच्या विळख्यांतून गरिबांस सोडविण्यासाठीं इटलींत फ्रान्सिस्कन पंथीयांनीं दयेच्या पेढ्या काढल्या. पेरुजा शहरांतील पेढी १४६२ सालची आहे. खर्चापुरतें अल्प व्याज घेण्यास हरकत नाहीं, असा निर्णय १५१५ सालीं पांचव्या लॅटरन धर्मपरिषदेंत पोप दहावे लिओ यांनीं दिला. १७४५ सालीं पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं व्याजखोरीचा पुन्हां निषेध केला. मात्र कर्जाहून भिन्न अशा योग्य कारणांसाठीं कांहीं मोबदला घेतां येतो, हेंही सांगितलें. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्यानें कायदेशीर दरानें व्याज ठरविण्यास मोकळीक दिली. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत कोंफ्रारींचा शिलकी पैसा व्याजानें लावला जात असे. परंतु ह्या साऱ्या चर्चेंत एक गोष्ट गृहीत आहे. कर्ज घेणारा तो गरीब, आणि ख्रिस्तसभा ही त्याची कैवारी किंवा फार तर धनको. ख्रिस्तसभा स्वतःच ऋणको झाली आणि तिचा धनको हा तिच्याच बांकावर बसणारा भाविक असला तर काय होतें, याचा धडा तिला एकोणिसाव्या शतकांत मिळाला, आणि तो फार महाग पडला.

हा धडा अमेरिकेंतील सिनसिनाटी येथला आहे. जॉन बॅप्टिस्ट पर्सेल हे मूळचे आयर्लंडचे. १८३३ सालीं ते सिनसिनाटीचे बिशप झाले व १८५० सालीं आर्चबिशप. त्यांचे बंधु फादर एडवर्ड पर्सेल हे त्यांच्या हाताखालीं कारभार पाहत. १८३७ सालीं अमेरिकेंत पैशाचा मोठा पेंच आला व ठिकठिकाणच्या बँका बुडाल्या. आयर्लंड व जर्मनी येथून आलेल्या गरीब कॅथॉलिक मजुरांचा बँकांवरचा विश्वास उडाला. आपली शिल्लक ते फादर एडवर्ड यांच्याकडे आणून ठेवूं लागले. फादर त्यावर व्याज देत. आणि हाच पैसा देवळें, शाळा व अनाथालयें यांच्या उभारणीस लागे. कोणाचाही हेतु वाईट नव्हता. देणाऱ्यास वाटे, पैसा सुरक्षित आहे व देवाच्या कामीं लागला आहे. घेणाऱ्यास वाटे, लोकांची सोय होत आहे व धर्मप्रांतही वाढत आहे. सुमारें चाळीस वर्षें असें चाललें.

१८७८ सालच्या अखेरीस लोक धास्तावून ठेवी परत मागूं लागले, आणि सर्व डोलारा कोसळला. हिशेबाच्या वह्या अव्यवस्थित निघाल्या. देणें पस्तीस लाख डॉलरांहून अधिक निघालें. धनको हजारों होते, व त्यांत मोलकरणी, हमाल, विधवा यांचा भरणा फार होता. वृद्ध आर्चबिशपांनीं राजीनामा पुढें केला. धर्मप्रांताची सेमिनरी १८७९ सालीं बंद पडली ती १८८७ सालीं पुन्हां उघडली. फादर एडवर्ड १८८१ सालीं वारले, आणि आर्चबिशप ४ जुलै १८८३ रोजीं एका मठांत वारले. पुढें वर्षानुवर्षें कज्जे चालले. ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १८८८ सालीं असें ठरविलें कीं, देवळें हीं आर्चबिशपांची खासगी मालमत्ता नव्हेत; तीं त्या त्या मंडळीसाठीं न्यास म्हणून धरलेलीं आहेत, त्यामुळें आर्चबिशपांच्या देण्यासाठीं तीं सरसकट विकतां येत नाहींत. कायद्याच्या दृष्टीनें निर्णय बरोबरच होता. परंतु ज्या मोलकरणीनें देवळाकडे पाहून पैसे ठेवले होते, तिला त्याचा अर्थ इतकाच कळला असेल कीं, देऊळ राहिलें आणि आपले पैसे गेले.

ही हकीकत वाचून आम्हीं पुस्तक मिटलें व त्या गृहस्थांचे तीन प्रश्न पुन्हां वाचले. सही कोणाची, हा पहिला प्रश्न. सिनसिनाटी येथील कज्जे मुख्यतः ह्याच प्रश्नावर चालले. पैसे दिले ते माणसाला, धर्मप्रांताला कीं देवळाला, हें चाळीस वर्षांत कोणीं नीट लिहूनच ठेवलें नव्हतें. बदली झाली तर, हा दुसरा. तेथें बदलीऐवजीं मृत्यु आला. आणि दुखणें आलें तर, हा तिसरा. सर्वांनाच एका दिवशीं गरज पडली, आणि तिजोरीच्या ठिकाणीं विटा होत्या. विटा परत देतां येत नाहींत.

कोणी म्हणेल, अमेरिकेंतील शंभर-दीडशें वर्षांपूर्वींची गोष्ट, तिचा पनवेलशीं काय संबंध? म्हणून आतां आपल्या भूमीकडे वळूं. ह्याच तालुक्यांतील शिरढोण गांवीं १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. १८७९ सालीं त्यांनीं इंग्रज सरकाराविरुद्ध बंड उभारलें तेव्हां सावकारांच्या पेढ्याही लुटल्या. त्याआधीं १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून दख्खनचे दंगे पसरले. त्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. त्यांनीं कर्जरोखे जाळले. कागद धनकोच्या हातीं, आणि ऋणकोला त्यांतलें कांहींच कळत नाहीं, हें त्यांचें दुःख होतें. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें, फेडलेल्या पैशाची पावती व हिशेब कुणब्यास मिळण्याची तरतूद केली. ज्या मुलखांत सावकाराला पावती द्यावयास कायद्यानें भाग पाडलें, त्या मुलखांत देवळानें पावतीचा आग्रह धरणाऱ्याला अविश्वासी म्हणावें हें शोभत नाहीं. आम्हीं तसें म्हटलें होतें, म्हणून हें वाक्य आम्ही प्रथम आपल्यालाच ऐकवितों.

ह्याच दुःखावर उपाय म्हणून १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्याचा लाभ आपल्या धर्मगुरूंनीं कसा घेतला हें पाहण्यासारखें आहे. छोटा नागपूरमध्यें फादर हॉफमन ह्या जेसुइट धर्मगुरूंनीं १९०९ सालीं आदिवासी कॅथॉलिकांसाठीं सहकारी पतसंस्था काढली. आपल्या शेजारीं वसईंत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं कॅथॉलिक पतपेढी स्थापन झाली. तीच पुढें बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली, व तिनें शतक पुरें केलें. वसईहून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचें पहिलें पासबुक ह्याच पेढीचें असेल.

सिनसिनाटी व वसई यांत फरक काय? दोन्ही ठिकाणीं धर्मगुरु पुढें होते, दोन्ही ठिकाणीं पैसा गरीब कॅथॉलिकांचाच होता. परंतु वसईंत पैसे ठेवणारा हा सभासद होता. त्याला मत होतें, वार्षिक सभेंत प्रश्न विचारण्याचा हक्क होता, हिशेब तपासणारा सरकारी अधिकारी होता. पेढी ही पेढी राहिली व देऊळ हें देऊळ राहिलें. धर्मगुरूंनीं लोकांस एकत्र आणलें, पण लोकांची शिल्लक देवळाच्या पेटींत टाकली नाहीं. सिनसिनाटींत तीं दोन्हीं एक झालीं.

येथें सहकाराची स्तुति करून थांबलों तर तें अर्धसत्य होईल. पनवेलच्या माणसाला कर्नाळा नागरी सहकारी बँकेची आठवण करून द्यावयास नको. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें तिचा परवाना रद्द केला. आपल्या बांकांवर बसणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या ठेवी तेथें अडकल्या होत्या, आणि त्या दिवसांत लोक आमच्याकडे प्रार्थनेसाठीं येत तेव्हां त्यांच्या हातांत पासबुक असे. त्या प्रसंगीं ठेवीदारांस एक आधार होता. ठेव विमा महामंडळामार्फत प्रत्येकास पांच लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळण्याची कायद्यानें सोय होती. ही मर्यादा २०२० सालीं एक लाखावरून पांच लाखांवर नेली गेली होती, म्हणून पुष्कळांचें निभावलें. पांच लाखांवरील रकमेचें मात्र तसें नव्हतें. आतां विचार करा. परवाना असलेली, तपासणी होणारी, विमा असलेली बँकही बुडूं शकते. धर्मगुरूच्या हातीं दिलेल्या कर्जाला तर परवाना नाहीं, तपासणी नाहीं आणि एका रुपयाचाही विमा नाहीं. तेथें एकदां भाजलेल्या माणसानें सभेंत उठून तीन प्रश्न विचारले, तर त्याचा विश्वास कमी पडला असें कसें म्हणावें?

कायदा ह्या बाबतींत काय सांगतो? प्रथम ख्रिस्तसभेचा कायदा. १९८३ च्या संहितेप्रमाणें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिति असलीच पाहिजे. नित्याच्या कारभाराबाहेरचें कृत्य करावयाचें तर वरिष्ठांची लेखी परवानगी आधीं घ्यावी लागते. कर्जाचें व्याज ठरल्या वेळीं देणें व मुद्दलाची यथाकाल फेड करणें हें कारभाऱ्याचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. विशिष्ट कारणासाठीं दिलेलें दान त्याच कारणासाठीं वापरावें, व भाविकांनीं दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांस द्यावा, असेंही त्यांत आहे. संन्यस्त संस्थांस तर अशी ताकीद आहे कीं, नेहमींच्या उत्पन्नांतून व्याज भरतां येईल व मुद्दल फार लांबण न लागतां फिटेल, अशी खात्री असल्याशिवाय त्यांच्या वरिष्ठांनीं कर्जास संमति देऊं नये.

राज्याचा कायदाही स्पष्ट आहे. १९५० सालच्या मुंबई सार्वजनिक न्यास कायद्याच्या, म्हणजे आतांच्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या छत्तीस-क ह्या कलमानुसार, नोंदलेल्या न्यासाच्या विश्वस्तांस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासासाठीं कर्ज काढतां येत नाहीं. वीस हजार रुपये व त्याहून अधिक कर्ज रोखीनें घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. लोकांकडून ठेवी गोळा करण्याच्या अनियंत्रित योजनांवर २०१९ सालीं संसदेनें बंदी घातली. तेव्हां ‘आमची योजना ती नव्हे’ हें म्हणण्यापूर्वीं जाणत्या वकिलाचा सल्ला घेणें शहाणपणाचें. आम्हीं वेदीवरून आवाहन केलें तेव्हां यांतील एकही गोष्ट केली नव्हती. वाईट हेतूनें नव्हे. केवळ आपलींच माणसें आहेत ह्या समजुतीनें.

विरुद्ध बाजूनें जें म्हटलें जातें तेंही प्रामाणिकपणें मांडतों. बँकेला व्याज देण्यापेक्षां तोच पैसा वांचवून देवळांत घालावा, हें म्हणणें खोटें नाहीं. कांहीं सधन कुटुंबांस पैसा पडून ठेवण्यापेक्षां देवळाच्या कामीं पांच वर्षें वापरूं देण्यांत खरोखर आनंद वाटतो, हेंही खरें. दान देण्याची ऐपत नाहीं पण उसनें देण्याची आहे, अशीं माणसें असतात. आणि ख्रिस्तसभेनें भाविकांकडून कर्ज घेऊंच नये असा कोठेंही निषेध नाहीं. म्हणून आमचें म्हणणें, अशी मागणी पाप आहे असें नाहीं. ती मागणी दान मागण्याच्या सुरांत, दान मागण्याच्या जागेवरून व दान घेण्याच्या रीतीनें होऊं नये, एवढेंच आम्ही म्हणतों.

याचें कारण उघड आहे. बँकेचा मॅनेजर मागतो तेव्हां माणूस नाहीं म्हणूं शकतो. ज्या धर्मगुरूनें आपल्या बापाला शेवटचें अभ्यंग दिलें, आपल्या लेकराचा बाप्तिस्मा केला, त्याला नाहीं म्हणतां येत नाहीं. दानाच्या वेळीं ह्या संकोचाची भरपाई होते. कारण देणारा आपल्या मनाशीं ठरवितो, देतो व मोकळा होतो. कर्जांत तो मोकळा होत नाहीं. त्याला पुढें मागावयास यावें लागतें, आणि मागतांना लाज वाटते. लाज वाटली म्हणजे तो मिस्सेला यावयाचें टाळतो. धर्मगुरूलाही त्याच्या नजरेस नजर देववत नाहीं; ऋणको हा धनकोचा चाकर होतो हें नीतिसूत्रांचें म्हणणें तेव्हां पटतें. ज्याचें देणें आहे त्याला प्रसंगीं चार खडे बोल कसे सुनवावे? आणि ज्यानें कांहींच दिलें नाहीं, त्याला आपण मागच्या बांकावरचे आहों असें कां वाटूं नये?

म्हणून अर्थसमितीपुढें आम्हीं आपली चूक मांडली, व पुढील गोष्टी सर्वानुमतें ठरल्या. वेदीवरून कर्जाचें आवाहन होणार नाहीं. बांधकाम टप्प्याटप्प्यानें होईल; सभागृह तूर्त तहकूब, देवळाची वाढ आधीं. दान हें दान म्हणूनच मागावयाचें, व दर तीन महिन्यांनीं जमाखर्च दारावरच्या फळ्यावर लावावयाचा. योआशाच्या पेटीप्रमाणें मोजणारे दोघे, आणि त्यांतला एक नेहमीं गृहस्थी असावा. कर्ज काढणें भागच पडलें तर वरिष्ठांची व धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घेऊन बँकेकडूनच काढावयाचें, आणि तेंही रविवारच्या दानपेटीच्या सरासरी उत्पन्नांतून हप्ता फिटेल एवढेंच. ज्यांना उसनेच पैसे द्यावयाचे आहेत त्यांनीं ते आपल्या पतपेढींत ठेवावे. तेथें त्यांना पासबुक मिळेल, व गरज पडली तर कोणाचीही परवानगी न मागतां ते काढतां येतील.

अकरा कुटुंबांनीं दिलेल्या रकमा आम्हीं स्वतः घरोघरीं जाऊन परत केल्या. हें काम सोपें नव्हतें. कांहींजणांस तो अपमान वाटला. दोघांनीं रकमेचा कांहीं भाग तेथल्या तेथें दान म्हणून परत दिला व त्याची पावती घेतली. एका विधवा भगिनीनें मात्र पाकीट हातांत घेतलें, नोटा मोजल्या आणि डोळ्यांस पदर लावला. तो पैसा मुलीच्या लग्नासाठीं ठेवलेला होता. मग तो आणलात कशाला, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘फादर, तुम्हीं मागितल्यावर नाहीं कसें म्हणावें?’ त्यांनीं दानपेटींत कांहीं टाकलें नाहीं, आणि आम्हीं तें मागितलें नाहीं. पुढें त्या मुलीचें लग्न ह्याच देवळांत आमच्या हस्तें लागलें.

ते वृद्ध गृहस्थ आतां आमच्या अर्थसमितीचे सभासद आहेत. त्यांच्या इच्छेवरून त्यांचें नांव येथें दिलेलें नाहीं. ज्या सभेंत त्यांनीं प्रश्न विचारले तिच्या इतिवृत्तांत ‘एका सभासदानें शंका काढली’ एवढीच नोंद होती. जुबिलीच्या निमित्तानें आम्हीं त्या वहींत त्यांचे तिन्ही प्रश्न शब्दशः लिहून घेतले आहेत, आणि त्याखालीं आपली सही केली आहे. पुढें येणाऱ्या धर्मगुरूनें बांधकामाचा विचार करण्यापूर्वीं तें पान वाचावें, अशी आमची त्यास नम्र विनंति आहे.

देऊळ वाढविण्याचें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं. उत्तरेकडील भिंत अर्ध्यावर आहे, आणि पावसाळ्यांत तिला ताडपत्री घालावी लागते. ती पाहून कोणास वाईट वाटलें तर त्यानें इतकें ध्यानांत घ्यावें कीं, जेवढी ती उभी आहे तेवढी फिटलेली आहे. ज्यांनीं दिलें त्यांस, ज्यांस देतां आलें नाहीं त्यांस, आणि ज्यांनीं विचारलें त्यांस प्रभु सारखाच आशीर्वाद देवो.